नाशिकहून पशुवैद्यकीय नर्सिंग आणि प्राणी-वर्तनाच्या पदवीकडे: वाट कशी धरायची

बारावी आणि नीटचे निकाल लागले की दरवर्षी मला नाशिकहून फोन येतात. "ताई, मुलीला प्राण्यांचा फार लळा आहे, पण व्हेटर्नरीला नंबर लागेल असं वाटत नाही. तुम्ही केलं ते नक्की काय?" मी केली ती पशुवैद्यकीय नर्सिंग आणि प्राणी-वर्तनाची पदवी, इंग्लंडमध्ये, चार वर्षांची. इंदिरानगरच्या घरातून निघायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष निव्वळ चुकीच्या माहितीपायी गेलं. तुमचं तरी जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

## १. हे काम काय आहे, ते आधी समजून घ्या

घरी सांगितलं तेव्हा मावशीने विचारलं, "म्हणजे डॉक्टर नाही जमलं म्हणून नर्स?" हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. तुमच्याकडे उत्तर नसेल तर पुढच्या पायऱ्या चढूच नका. जिचं मन डॉक्टर होण्यात अडकलं आहे, ती या कामात चार वर्षं कुढत राहील. अशा मुलींना मी नीटची परीक्षा पुन्हा द्यायलाच सांगते.

डॉक्टर निदान करतात, औषध लिहून देतात, पोट उघडून शस्त्रक्रिया करतात. नर्स यातलं काही करत नाही. पण मांजर भुलीखाली टेबलावर असताना सर्जनचे डोळे जखमेवर असतात आणि त्या मांजराच्या श्वासावर असतात ते नर्सचे. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब, प्राणवायूचं प्रमाण, हिरड्यांचा रंग आणि पापणीची हालचाल तपासून तक्त्यावर उतरवायची. शरीर गार पडत असेल तर ऊब द्यायची. काही बिघडतंय असं वाटलं तर त्याच क्षणी बोलायचं. याशिवाय शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध-सलाईनसाठीची बारीक नळी लावणं, रक्त घेणं, एक्स-रे काढणं, लघवी आणि रक्ताच्या तपासण्या, सलाईनचा वेग ठरल्याप्रमाणे ठेवणं, संसर्ग एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जाऊ न देणं, न खाणाऱ्या जनावराला खायला लावणं, ही सगळी नर्सची कामं. ब्रिटनमधल्या १९६६च्या पशुवैद्यक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार नोंदणीकृत नर्सला डॉक्टरांच्या सूचनेवरून उपचार आणि किरकोळ शस्त्रक्रियाही करता येते. अट एवढीच की शरीराच्या पोकळीत शिरायचं नाही. त्वचेवरचे टाके मी घालते.

वर्तनाचा अभ्यास याच्याशी का जोडतात, हे मला पहिल्या वर्षी कळलं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर नुसत्या भीतीने वाढते. त्या क्षणी रक्त घेतलं तर धडधाकट मांजर मधुमेही भासू शकतं. कुत्र्याचं तापमान आणि नाडीही ताणाने चढते. म्हणजे जनावर नीट हाताळलं नाही तर तपासणीच खोटी ठरते. जनावर काय सांगतंय ते वाचता येणं हा या पेशाचा पाया आहे.

## २. कुठे काम करणार, ते ठरवा

भारतात पशुवैद्यकीय नर्सची स्वतंत्र नोंदणी नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. परदेशातून नर्सिंगची पदवी घेऊन आलात म्हणून नाशिकमध्ये स्वतःचा दवाखाना थाटता येणार नाही.

तेव्हा कागदावर तीन रकाने करा.

डॉक्टरच व्हायचं आहे: बी.व्ही.एससी. अँड ए.एच., म्हणजे एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. प्रवेश नीटच्या गुणांवर. महाराष्ट्रातली परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरची महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली, म्हणजे माफसूखाली येतात. परळचं महाविद्यालय १८८६चं आहे. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो, राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते. हे कागद निकालाची वाट न बघता अकरावीतच काढायला घ्या.

गावातल्या गुराढोरांत, सरकारी दवाखान्यात काम करायचं आहे: पशुसंवर्धनाच्या पदविकांची माहिती घ्या. गावात ज्यांना लोक जुन्या सवयीने स्टॉकमन म्हणतात, ते पशुधन पर्यवेक्षक याच वाटेने येतात. निफाड, सिन्नरच्या बाजूला ज्याच्या गोठ्यात आठ-दहा गाई आहेत, त्याला विचारा या माणसाची किंमत.

नर्सिंग आणि वर्तन हाच पेशा हवा आहे: मग पदवी परदेशात घ्यावी लागते आणि नोंदणीही तिथलीच मिळते. परत आलात तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत काम आहे. महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. अशी ठिकाणं वाढतील तसं चोवीस तास शुश्रूषा करणाऱ्या हातांचं मोल वाढेल, असं मला मनापासून वाटतं. पण आज नोंदणी नाही, हे आईबाबांना स्पष्ट सांगूनच त्यांचा होकार घ्या.

## ३. सहा महिने दवाखान्यात उभे राहा

ही पायरी कुणी टाळू नका. मी सगळ्यात जास्त शिकले ते इथेच, आणि मुलाखतीत मला विचारलंही याबद्दलच.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड, जिथे जवळ पडेल तिथल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात जा. फोन करू नका. दुपारी गर्दी कमी असताना प्रत्यक्ष जा आणि म्हणा, "डॉक्टर, मला रोज संध्याकाळी दोन तास येऊ द्याल का? झाडू मारीन, पिंजरे धुवीन." मला तिसऱ्या दवाखान्यात होकार मिळाला. पहिला महिना खरोखर पिंजरे धुण्यात गेला आणि तो वाया गेला नाही. पार्व्हो विषाणूने आजारी पडलेल्या पिल्लाचा पिंजरा साध्या फिनेलने पुसून भागत नाही, तो विषाणू अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, आधी घाण धुऊन मग ब्लीच वापरावं लागतं, हे तिथल्या कंपाउंडर काकांनी शिकवलं. चार वर्षांनी हेच मी परीक्षेत लिहिलं.

मोठ्या जनावरांसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात परवानगीचं पत्र देऊन काही दिवस काढा. गाईला खोड्यात घेण्याआधी जुना शेतकरी तिच्या खांद्यापाशी उभा राहतो, नावाने हाक मारतो, पाठीवर हात ठेवतो. पुढे वर्गात ताण न देता हाताळण्याचे नियम शिकले तेव्हा निफाडचा मामा डोळ्यांसमोर उभा राहिला.

रेबीजची लस आधी, दवाखान्यात पाऊल नंतर. चावा होण्याआधी घ्यायच्या लसीचे तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ही लस घेतली असली तरी चावा झाला की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढच्या डोससाठी लगेच रुग्णालय गाठायचं. कागद जपून ठेवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही. विद्यापीठाला मी दोन्ही दाखवले.

वर्तनाची वही. गोदाघाटावर सकाळी जा. एक कुत्रा निवडा, पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा आणि दर मिनिटाला तो काय करतो ते लिहा. "रागावला", "लाडात आला" असे शब्द वहीत नकोत, ते तुमचे अंदाज आहेत. "कान मागे, ओठ चाटले, मान वळवली, उजवा पुढचा पाय उचलला" ही नोंद झाली. रामकुंडावर गर्दीत एखादं मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतं तेव्हा कुत्रा आधी जांभई देतो, मग नजर चोरतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. चावण्याआधी त्याने तीनदा सांगितलेलं असतं. महिनाभर अशी वही भरा. माझ्या मुलाखतीत मी याच वहीतलं एक पान वाचून दाखवलं.

संक्रांतीच्या आठवड्यात दवाखान्यात हजर राहाच. आपल्याकडे आणि येवल्यात पतंगाचं वेड किती, ते सांगायला नको. नायलॉन मांजावर बंदी असूनही पंख कापलेली कबुतरं, घारी, घुबडं येत राहतात. पक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, झाकण लावून अंधार करायचा, चोचीत पाणी ओतायचं नाही, मांजा ओढून काढायचा नाही. वन्य पक्षी घरी ठेवता येत नाही, वनविभागाला १९२६ वर कळवा. एकदा एका घुबडाचा पंख आम्हाला वाचवता आला नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण हेच काम करायचं हे त्याच रात्री नक्की झालं.

## ४. कोर्स निवडताना पहिला प्रश्न नोंदणीचा

माझं वर्ष इथे बुडालं. एका सल्लागाराने मला "ॲनिमल बिहेविअर"ची पदवी सुचवली, मी आगाऊ पैसे भरले आणि नंतर कळलं की त्या पदवीवर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. ती पदवी संशोधनासाठी चांगलीच होती. पण मला हवी होती ती ही पदवी नव्हती.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स, म्हणजे आरसीव्हीएस करतं. त्यांच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्सची यादी असते. तुमचा कोर्स त्या यादीत असलाच पाहिजे. नर्सिंगला पाळीव प्राण्यांच्या वर्तनाची जोड देणारी पदवी ब्रिस्टल आणि हार्पर ॲडम्स या विद्यापीठांनी चालवली आहे. निव्वळ नर्सिंगसाठी लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि एडिनबरा नेपियर आहेत. आयर्लंडमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन आहे. न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी आहे, तिथे या पेशाला व्हेटर्नरी टेक्नॉलॉजी म्हणतात. कोर्स सुरू-बंद होतात, म्हणून अर्जाच्या वर्षीची यादी बघूनच ठरवा.

विद्यापीठाला ईमेलवर हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

- या कोर्सला स्टुडंट व्हिसावरचे विद्यार्थी घेता का? (कामावर राहून शिकायचे नर्सिंगचे मार्गही असतात, ते आपल्यासाठी नाहीत.)
- प्रशिक्षणाचा दवाखाना विद्यापीठ शोधून देतं की विद्यार्थ्याने शोधायचा?
- तो दवाखाना बसने गाठता येतो का?
- छोटे प्राणी की घोडे? (ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या या दोन वेगळ्या शाखा आहेत.)
- महाराष्ट्र बोर्डाचे बारावीचे किती टक्के लागतात, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात किती?

## ५. कागदपत्रं

- पासपोर्ट
- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, बोर्डाची प्रमाणपत्रं
- इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (माझ्या विद्यापीठाने आयईएल्टीएसमध्ये सात मागितले होते)
- शिक्षकाचं शिफारसपत्र, आणि शक्य तर दवाखान्यातल्या डॉक्टरांचंही
- दवाखान्यात किती तास काम केलं त्याचं लेटरहेडवरचं पत्र, तारखांसह
- लसीकरणाच्या नोंदी
- जन्माचा दाखला आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर
- क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र
- बँकेचे कागद

यात दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. तिकडच्या माणसाला आडनावच पहिलं नाव वाटतं आणि ऑफर लेटर उलट्या नावाने येतं. प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टवरून बघून लिहा आणि ऑफर आली की पहिल्याच दिवशी स्पेलिंग तपासा. गुणपत्रिकेतच स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्ती कनिष्ठ महाविद्यालयामार्फत बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो.

दुसरा खड्डा जन्माच्या दाखल्याचा. पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. महापालिकेत जाऊन नाव घालून घ्या. पैसे वडिलांच्या खात्यातून दाखवणार असाल तर नातं दाखवायला हा दाखला लागतोच.

## ६. अर्ज

ब्रिटनमध्ये पदवीचा अर्ज यूकॅसवरून, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्ज यंत्रणेवरून होतो, पाच पर्याय निवडता येतात. पशुवैद्यकाच्या पदवीची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते, नर्सिंगची सर्वसाधारण मुदत जानेवारीत. २०२६च्या प्रवेशापासून स्वतःबद्दलच्या निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, उत्तरं मिळून चार हजार अक्षरांत. "लहानपणापासून मला प्राणी आवडतात" या वाक्यावर एकही अक्षर खर्च करू नका, ते सगळेच लिहितात. पार्व्होचा पिंजरा कसा धुतलात ते लिहा.

## ७. पैसा

परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त असते. फी, राहणं-खाणं, विमान, गणवेश आणि आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) असा वेगवेगळा हिशेब मांडा. हा अधिभार २०२४पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो. आमच्या घरात याचा हिशेबच धरला नव्हता, आईने ठेव मोडली तेव्हा कुठे निभावलं.

व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं हवं. मामाच्या किंवा आजोबांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, आधी ते आपल्या खात्यात आणावे लागतात. शैक्षणिक कर्ज चालतं, पण मंजुरीपत्र विद्यार्थ्याच्या नावाने असू द्या.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. तिच्या भरवशावर पदवीचं गणित मांडू नका. पुढे एम.एससी. करायची असेल तेव्हा जरूर बघा.

## ८. व्हिसा

क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, शहरातल्या कुठल्याही लॅबचा एक्स-रे चालत नाही. मी मुंबईला गेले, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, फार आधी काढू नका. विद्यापीठाकडून प्रवेशाची खात्री देणारा कॅस क्रमांक आल्यावरच अर्ज भरता येतो.

## ९. निघण्याआधी आणि पहिल्या वर्षी

गाडी शिका. प्रशिक्षणाचा दवाखाना खेड्यात असू शकतो आणि सकाळी आठच्या पाळीला बस नसते. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिने गाडी चालवता येते. नाशिकमध्येच शिका, परवाना काढा, सराव करून जा.

औषधाचं गणित रोज करा. कुत्रा १२ किलोचा, मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २.४ मिलिग्रॅम. औषध मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम, म्हणून ०.४८ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध जातं. अशी दहा गणितं रोज, कॅल्क्युलेटरशिवाय. बारावीत गणित सोडलेल्या मुली इथे अडखळतात. मीही अडखळले होते, सरावाने जमलं.

पहिली दयामृत्यूची वेळ. पहिल्या वर्षीच येईल. माझ्या वाट्याला आली ती चौदा वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री होती. तिचं डोकं मी हातात धरलं होतं आणि तिच्या मालकिणीला रडू आवरत नव्हतं. आपण मराठी माणसं अशा वेळी "रडू नका" म्हणतो. म्हणू नका. खुर्ची द्या, कागदी रुमाल द्या, हाताशी उभ्या राहा. आणि त्याच दिवशी स्वतःच्या घरी फोन करा. मी आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते, त्याचा फार त्रास झाला.

तासांची नोंद. आरसीव्हीएसच्या नियमाप्रमाणे किमान १,८०० तास प्रत्यक्ष दवाखान्यातलं प्रशिक्षण लागतं आणि प्रत्येक कौशल्य तुमच्या क्लिनिकल कोचने, म्हणजे दवाखान्यात तुम्हाला शिकवणाऱ्या मार्गदर्शकाने, बघून मान्य करावं लागतं. कोच रजेवर जातात, नोकरी बदलतात, मग तुम्ही लावलेला कॅन्युला कुणी पाहिलेलाच नसतो. माझे एका आठवड्याचे तास असेच अडकले आणि नाताळच्या सुट्टीत पुन्हा भरावे लागले. पाळी संपली की कोट काढण्याआधी नोंद लिहा, कोचला दाखवा आणि सही घेऊनच बाहेर पडा.